मतदान की टेबल? चाहत्यांसोबत बीअर ठरवण्याच्या दोन वाटा

पुढची बीअर ग्राहकांनाच ठरवू द्यायची, असं तुमच्या मायक्रोब्रुअरीत चाललं असेल तर आधी वाट निवडा. अंधेरीत काम करताना मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

एक वाट मतदानाची. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने २०१३ मध्ये 'मॅशटॅग' नावाने बीअरचा प्रकार, हॉप्स (बीअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं), वरची खास चव अशी एकेक गोष्ट लोकांच्या मताला टाकली. त्यातून हेझलनट आणि ओक घातलेली ब्राउन एल, म्हणजे लवकर तयार होणारी तपकिरी बीअर, निघाली. दुसरी वाट टेबलाची. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडाने 'बीअर कॅम्प'साठी मोजक्या चाहत्यांना थेट ब्रुअरीत बोलावलं आणि ब्रूअरसोबत, म्हणजे बीअर बनवणाऱ्यासोबत, बसवून बीअर करून घेतली. तिसरी वाट, म्हणजे बॉस्टनच्या सॅम्युअल ॲडम्सने १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'लाँगशॉट'सारखी घरी बीअर बनवणाऱ्यांची स्पर्धा, आपल्याकडे बादच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बीअर बनवता येत नाही.

मतदानाला खर्च जवळपास नाही. काउंटरवर खोका ठेवला की आठवडाभर त्याचीच चर्चा, आणि बीअर टॅपवर आली की चिठ्ठी टाकलेला माणूस मित्रांना घेऊन येतो. पण चिठ्ठीवर लोक आपल्या आवडीचा शब्द लिहितात, चव नाही. आमच्याकडे हापूस जिंकला, कडूपणात 'जास्त' जिंकलं आणि अल्कोहोलमध्येही 'जास्त'च. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या निवडलेल्या, त्यांचं एकमेकींशी जमेल का हे कुणी पाहिलेलंच नाही. आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो तो वास आणि थोडा आंबटपणा. लोकांच्या डोक्यात आमरस होता, ग्लासात आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बीअर, आली. "आंबा कुठाय?" हा प्रश्न मी त्या महिन्यात रोज ऐकला आणि मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्यांनी हौसेने मत दिलं होतं.

टेबलाला वेळ लागतो. बारा जण, मंगळवारची दुपार, तीन बैठका, आणि ब्रूअर तेवढा वेळ अडकलेला. पण तिथे जे हाती लागतं ते खोक्यात कधीच सापडत नाही. आमचा विचार गोझचा होता, म्हणजे लायप्झिगकडची मीठ आणि धणे घातलेली आंबट गव्हाची बीअर. आंबटपणासाठी लॅक्टिक बॅक्टेरिया वापरायचे तर ते दुसऱ्या टाक्यांत शिरण्याची धास्ती, म्हणून आमसुलं भिजवून घालायचा विचार चालला होता. टेबलावर मालवणच्या एक ताई होत्या. त्या म्हणाल्या, "आमसुलं कशाला भिजवताय? आगळ घाला की. त्यात मीठ असतंच."

आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. एका वाक्यात आंबटपणा, मीठ आणि रंग तिन्ही सुटले. मग तयार व्हीट बीअरचे शंभर-शंभर मिलीचे चार ग्लास मांडले आणि सिरिंजने एक, दोन, तीन, पाच मिली आगळ सोडलं. पाचला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. एकात नुसता रंग आला. दोनवर सगळे गप्प झाले आणि ग्लास पुन्हा उचलले गेले. पाचशे लिटरच्या टाकीला दहा लिटर आगळ, हिशेब तिथल्या तिथे झाला. धणे भाजून घालायचे की कच्चे, यावर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मी कच्चे भरडून उकळीच्या अगदी शेवटी घातले.

टेबलाची उणी बाजू उघड आहे: ती बीअर बारा जणांची होते, तीनशेंची नाही. जागा नवीन असेल आणि लोकांनी तुमचं नाव घ्यावं एवढंच हवं असेल, तर मतदान घ्या. मात्र ते कागदावरच्या पर्यायांवर नको. दोन छोट्या बॅच प्रत्यक्ष चाखायला द्या आणि त्यातली एक निवडायला सांगा. लागर, म्हणजे थंडीत सावकाश तयार होणारी बीअर, पर्यायात ठेवूच नका. एल दोन-तीन आठवड्यांत टाकी मोकळी करते, लागर दीड-दोन महिने अडवून बसते आणि तोवर मत दिलेले लोक विसरतात.

नवी, इथलीच म्हणावी अशी बीअर हवी असेल तर माझं मत ठामपणे टेबलाला. आणि तिथे बाराच्या बारा जण हॉप्सची नावं पाठ असलेले बसवू नका. निम्मे तरी रोज स्वयंपाक करणारे असू देत.