हुआ हिनमधला निवृत्तीचा कॉन्डो: सगळं ठीक, एक चिमणी सोडून

थायलंडात परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, घेता येतो, तोही सगळ्या परदेशी मालकांचं मिळून क्षेत्र इमारतीच्या एकूण सदनिका-क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या आत राहिलं तरच. पन्नाशी उलटली की निवृत्तीचा व्हिसा मिळू शकतो. इथवरचं सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे ते परत उगाळत नाही. घर, समुद्र, बाजार, व्हिसा, सगळ्याबद्दल लिहिणार आहे, पण आधी स्वयंपाकघराची चिमणी. काल तिची मोटर बंद पडली, दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण उघडून आत काय आहे ते दाखवलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

घर आहे ३५ चौरस मीटर. म्हणजे पावणेचारशे चौरस फूट, बाल्कनी धरून. कागदावर जेवढं तेवढंच प्रत्यक्षात मोजून मिळतं; कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप असला घोळ इथे नाही, आणि पुण्यात आयुष्यभर हा घोळ सहन केलेल्या माणसाला एवढ्यानेच भरून येतं. सातवा मजला, जुनी इमारत, दुसऱ्याकडून घेतलेलं घर. १९.५ लाख बाट. आम्ही घेतलं तेव्हा बाट २.६० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे आपले एक्कावन्न लाख. हुआ हिन निवडलं कारण पट्टायाचा गोंगाट नको होता. इथे राजाचा उन्हाळी राजवाडा असल्यामुळे असेल, गाव सभ्य आहे. बँकॉक २०० किलोमीटरवर. समुद्र बाल्कनीतून दिसतो, पण मान वाकडी करून.

तर चिमणी. आपल्याकडे चिमणी म्हटलं की धूर ओढून नळीतून भिंतीबाहेर टाकणारं यंत्र. इथल्या बहुतेक लहान कॉन्डोंत स्वयंपाकघर म्हणजे दारातून आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला असलेला ओटा. खिडकी नाही, बाहेरची भिंत नाही. चिमणी दिसायला स्टीलची, चकचकीत, तीन वेगांची. आत कोळशाची जाळी. ती धूर ओढते, जाळीतून फिरवते आणि वरच्या फटीतून पुन्हा घरातच सोडते. वरच्या फटीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरून पाहिला, फडफडला. फटीच्या बरोबर वर छतावर बशीएवढा पिवळा तेलकट डाग पडलाय. म्हणजे मी इतके महिने फोडणी ओट्यावरून उचलून छताला लावत होतो आणि त्याचं वीजबिल भरत होतो.

आमच्याकडे स्वयंपाक मी करतो. बायकोने नोकरीतून निवृत्त होतानाच जाहीर केलं की चुलीतूनही निवृत्त. तिला छतावरचा डाग विनोदी वाटतो. मला वाटत नाही.

शेगडीचंही ऐकून घ्या. आमच्या इमारतीत गॅस सिलिंडरला बंदी आहे, आणि उंच इमारतींत हे सर्रास. ओट्यात बसवलेली काचेची इलेक्ट्रिक शेगडी, दोन चकत्या. गोल बुडाची कढई तिच्यावर डुगडुगते. तापायला वेळ, निवायला त्याहून जास्त; फोडणी जळते आहे म्हणून बंद करावं तर मोहरी आणखी मिनिटभर जळतच राहते. एकदा ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर परतत होतो. चिमणी तिसऱ्या वेगावर. खोलीतला धुराचा अलार्म बोंबलायला लागला, खालून रखवालदार वॉकीटॉकी घेऊन वर आला, दारातच खोकला, हसला, मला नमस्कार करून गेला. दुसऱ्या दिवशी दाराखालून नोटीस.

सोसायटीच्या ऑफिसला इथे सगळे परदेशी लोक ज्युरिस्टिक म्हणतात. तिथे गेलो. म्हटलं, माझ्या खर्चाने भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढतो. उत्तर: बाहेरची भिंत सामाईक मालमत्ता, भोक चालणार नाही. मग बाल्कनीत शेगडी ठेवतो. उत्तर: बाल्कनीत स्वयंपाक नियमात बसत नाही. मग करू काय? मॅनेजरबाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, खाली किती छान छान खायला मिळतं. मी त्यांना ईमेल लिहिली, मग दुसरी लिहिली. दोन्हींना आभाराचं उत्तर आलं. आपल्या सोसायटीच्या सभेत निदान कोणीतरी टेबलावर हात तरी आपटतो. इथे भांडायला समोर माणूसच मिळत नाही, सगळे हसतात. सर्वसाधारण सभेत मत मालकीच्या प्रमाणात असतं, आणि ३५ मीटरवाल्याचं वजन किती ते सांगायला नको.

आता पैशांचं, कारण हे विचारायला फोन बरेच येतात. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली दर आर्थिक वर्षात माणशी २.५ लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, घर घ्यायलाही. मेख दोन ठिकाणी आहे. एक, पैसे थायलंडात परकीय चलनातच यायला हवेत आणि त्यांचे बाट इथल्या बँकेत व्हायला हवेत. भारतातल्या बँकेनेच बाट करून पाठवले तर जमीन कार्यालयात घर परदेशी कोट्यात नावावर करताना अडतं. आमच्या बँकेतली मुलगी मोठ्या उत्साहाने बाटच करून देत होती. तिला थांबवून डॉलर पाठवले आणि कारणात कॉन्डो क्रमांकासकट खरेदीचा उल्लेख करायला लावला. ५०,००० डॉलर किंवा जास्त एका वेळी आले तर इथली बँक परकीय चलनाचा रीतसर फॉर्म देते. आम्ही दोघांच्या खात्यांतून निम्मे निम्मे पाठवले, त्यामुळे बँकेचं पत्र मिळालं, तेही चालतं. घर दोघांच्या नावावर.

निम्मे का? तीच दुसरी मेख, टीसीएस, म्हणजे बाहेर पाठवलेल्या पैशांवर आगाऊ कापला जाणारा कर. माणशी १० लाखांच्या वर जे जाईल त्यावर २० टक्के बँक आधीच कापून घेते (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून, आधी ७ लाख होती). दोघांनी पाठवले तर २० लाख सुटतात. निवृत्तीच्या व्हिसासाठी इथल्या खात्यात ठेवावे लागणारे ८ लाख बाटही त्याच वर्षी पाठवले, म्हणून एकूण दहा लाखांच्या वर रुपये कापले गेले. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर आयकरात वळते होतात किंवा परत येतात, पण तोवर बिनव्याजी सरकारजमा. घराची नोंद विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात न चुकता करायची. न केल्यास दंड १० लाख रुपये, म्हणजे इथे ओटा, चिमणी, शेगडी सगळं नवं करून वर पैसे उरतील.

नोंदणी मात्र बघण्यासारखी. जमीन कार्यालयात सकाळी गेलो, दुपारी मालकीपत्र हातात. विकणाऱ्याने ज्युरिस्टिककडून थकबाकी नसल्याचा दाखला आणला होता, त्याशिवाय नोंदणी होत नाही. हस्तांतर शुल्क सरकारी मूल्याच्या २ टक्के, ते निम्मं निम्मं वाटून घेतलं. एकही टेबलाखालचा बाट द्यावा लागला नाही. त्या दिवशी या देशाला पाचपैकी पाच दिले होते.

इथून पुढचं पावसाळा आटपल्यावर लिहितोय. वरचं पुसत नाही, पण काही मतं बदलली आहेत.

हुआ हिनला जोराचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतो, आपल्याकडे दिवाळीची झाडलोट चालू असते तेव्हा. दिवाळीला भारतात गेलो आणि परत आलो तर कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवी बुरशी, बायकोच्या पैठणीच्या पिशवीला कुबट वास. इथे घर बंद ठेवून जायचं तर कपाटांची दारं उघडी टाकायची, ओल शोषणारे डबे ठेवायचे आणि कोणाला तरी एसी मधूनमधून चालवायला सांगायचं. कोकणात घर असलेल्यांना हे नवं नाही. आमचं काम बाजूच्या घरातल्या पा करतात. पा म्हणजे मावशी. मला त्या लुंग म्हणतात, म्हणजे काका, जरी वयाने त्या मोठ्या दिसतात.

याच पांमुळे चिमणीचं कोडं सुटलं. त्यांच्या घरात शिरलो तर ओटा कोरा करकरीत, वर फक्त भात शिजवायचा कुकर. खाणं बाहेरून पिशव्यांत येतं. कोपऱ्यावर तुळशीचा खिमाभात पन्नास-साठ बाटांत मिळतो, तर मिरचीच्या ठसक्यात घर कोण भरवणार? इथल्या गावाकडच्या घरांत चूल मागे, घराबाहेर किंवा उघड्या पडवीत असते. कॉन्डोतला ओटा चहा-अंड्यांपुरता. बांधणाऱ्याने फसवलेलं नाही, त्याने गिऱ्हाईक वेगळं धरलं होतं. माझा राग निम्मा इथेच उतरला. उरलेला निम्मा शाबूत आहे, कारण चिमणीचा आकार तरी खोटा कशाला ठेवायचा?

पांनी एक चांग पाठवला. इथे कसबी कारागिराला चांग म्हणतात. त्याने बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दारात, दार हातभर उघडं ठेवून, त्या फटीच्या मापाची अॅक्रिलिकची उभी पट्टी बसवली आणि पट्टीत वर एक्झॉस्ट पंखा. भिंतीला भोक नाही, बाल्कनीत शेगडी नाही. पट्टी काढली की दार पूर्ववत. पंख्यासकट २,४०० बाट. खाली चाकाच्या टेबलावर नवी इंडक्शन, सपाट बुडाची कढई. काल कांदा-लसणाच्या फोडणीत सुकट परतली, अलार्म गप्प. ज्युरिस्टिकच्या बाई येऊन पट्टी बघून गेल्या, हसल्या, काही बोलल्या नाहीत. या वेळी ते हसणं आवडलं.

बाकीचं भराभर सांगतो. व्हिसासाठीचे ८ लाख बाट अर्जाच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने खात्यात पडून हवेत, पुढे ४ लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे घराच्या किमतीत हे धरायलाच हवेत, कोणी धरत नाही. मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाट. देशाबाहेर जाण्याआधी पुनर्प्रवेश परवाना घ्यायचा, नाहीतर व्हिसाच संपतो. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, ते फुकट आहे. वर्षात १८० दिवस किंवा जास्त इथे राहिलं तर बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर इथला कर लागू शकतो, नियम २०२४ पासून कडक झालाय, तेव्हा पेन्शन कुठल्या खात्यातून आणता ते सीएला विचारून ठरवा. वीज युनिटला चार-साडेचार बाट, मालकाला थेट सरकारी बिल. देखभाल चौरस मीटरला महिना ४५ बाट, म्हणजे वर्षाचे १८,९०० एकदम. आरोग्य विमा हा खर्चाचा खरा खड्डा आहे. भारतातल्या साध्या पॉलिसी इथे सहसा चालत नाहीत, आणि साठीनंतर इथला हप्ता ऐकून रक्तदाब तपासून घ्यावासा वाटतो.

किराण्यात तूरडाळ, पोहे, गोडा मसाला यांसाठी बँकॉकच्या फाहुरातला, म्हणजे तिथल्या भारतीय बाजाराला, फेरी. ओला नारळ, चिंच, लेमनग्रास, केळफूल इथे दारात. कढीपत्ता शोधावा लागतो, म्हणून कुंडीत लावलाय. हिंग पुण्याहूनच.

गोव्यात का नाही घेतलं, हे प्रत्येकजण विचारतो. गोव्यात एवढ्या पैशांत समुद्रापासून इतक्या जवळ जे दाखवलं त्याची कागदपत्रं पाहून वकिलानेच हात जोडले. शिवाय बायकोला कुठेतरी असं राहायचं होतं जिथे नातेवाईक न कळवता टपकणार नाहीत.

कोणी घेणार असेल तर आधी सहा महिने भाड्याने राहा, त्यात एक पावसाळा येऊ द्या. आणि घर बघायला जाल तेव्हा समुद्राकडे नंतर बघा. ओट्यापाशी उभे राहा, चिमणी लावा, वरच्या फटीसमोर कागद धरा. काही इमारतींत कोपऱ्यावरच्या घरांना वेगळं बंद स्वयंपाकघर असतं, त्याचं दार बाल्कनीत उघडतं. आमच्या इमारतीत तसली घरं दोन-अडीच लाख बाटांनी महाग आहेत. माझे २,४०० बाट आणि छताच्या रंगाचे वेगळे, असा हिशेब घालून मी ती महागडी म्हणतो, पण तुमच्याकडे रोज मासे तळले जात असतील तर तेच घ्या.