बअले शखेम : ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांच्या हिब्रू कोशाची एका शब्दावर पारख

बायबलच्या जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाचा नववा अध्याय हिब्रूतून वाचताना एक शब्द मला पुन्हा पुन्हा अडवत होता. गिदोनाचा मुलगा अबीमलेख आपल्या आईच्या माहेरी, शखेमास जातो आणि मामांकरवी ज्यांच्या कानावर राजा होण्याची आपली मागणी घालतो, त्यांना मूळ मजकुरात ‘बअले शखेम’ म्हटले आहे. 1611च्या किंग जेम्स भाषांतरात ही शखेमची ‘माणसे’ आहेत, न्यू इंटरनॅशनल व्हर्शनमध्ये ते ‘नागरिक’ होतात आणि न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनमध्ये थेट ‘सरदार’. एकाच शब्दाची तीन भाषांतरे तीन वेगवेगळी गावे उभी करतात, म्हणून मी ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा कोश उघडला आणि या एका नोंदीवर त्याची कसोटी घेतली.

हा कोश 1906 साली ऑक्सफर्ड येथून पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. विल्हेल्म गेसेनियस यांच्या जर्मन कोशाचे एडवर्ड रॉबिन्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर हा त्याचा पाया आहे. त्याची मांडणी धातूंनुसार असल्यामुळे नवशिक्या वाचकाची सुरुवातीला दमछाक होते. उदाहरणार्थ, याच अध्यायातला बुरुजासाठीचा ‘मिगदाल’ हा शब्द ‘म’च्या पानांत सापडत नाही, तो ‘गादाल’, म्हणजे मोठे होणे, या धातूखाली पाहावा लागतो. हेंड्रिक्सन या प्रकाशनाच्या पुनर्मुद्रणात शब्दांना स्ट्राँगच्या, बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या, शब्दसूचीतले क्रमांक जोडलेले असल्याने ही अडचण बरीच कमी होते. ‘बअले’ हे ज्याचे अनेकवचनी रूप आहे, त्या ‘बअल’ या सामान्य नामाचा क्रमांक 1167 आणि त्याच नावाच्या कनानी दैवताचा 1168 आहे. तरीही हिब्रू मुळाक्षरे आणि कामापुरते इंग्रजी येत नसेल, तर या ग्रंथाचा उपयोग होणार नाही, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

‘बअल’ची नोंद 127व्या पानावर आहे आणि ती वाचताना या कोशाचे खरे सामर्थ्य दिसते. मालक हा अर्थ पहिला, मग नवरा. मराठी वाचकाला येथे काहीच समजावून सांगावे लागत नाही, कारण आपला ‘धनी’ हा शब्द हीच दोन्ही कामे करतो. निर्गम 21:28 मध्ये शिंगे मारणाऱ्या बैलाचा धनी ‘बअल’ आहे, आणि होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात देव इस्राएलला सांगतो की यापुढे मला ‘बअली’ (माझा धनी) न म्हणता ‘ईशी’ (माझा नवरा) म्हण, तेथे ‘बअल’ हा नवऱ्यासाठीचाच शब्द आहे. शिवाय एखादी गोष्ट ज्याच्यापाशी आहे असा कोणीही ‘बअल’ होऊ शकतो: भाऊ योसेफाला ‘स्वप्नांचा बअल’ म्हणतात, एलीया हा ‘केसांचा बअल’ असतो, पाखरू ‘पंखांचा बअल’ असते. आपण ‘वाला’ जोडून जे साधतो, ते हिब्रू या शब्दाने साधते.

याच नोंदीत गावाच्या नावापुढे येणाऱ्या ‘बअले’साठी कोश दोन शब्द देतो: नागरिक, रहिवासी. त्यांच्यामध्ये फक्त एक स्वल्पविराम आहे आणि माझी तक्रार नेमकी त्या स्वल्पविरामाबद्दल आहे. गावात राहणारा आणि गावात हक्क असलेला हे दोघे एकच आहेत, असे त्या विरामचिन्हाने गृहीत धरले जाते. पण त्याच्याच शेजारी कोश सगळे संदर्भ ओळीने मांडतो, यरीहो, शखेम, गिबा, कईला, याबेश-गिलाद, आणि ते एकेक करून काढून पाहिले की अर्थ आपल्यालाच दिसू लागतो. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

सर्वांत बोलका उतारा कईलाचा आहे. 1 शमुवेल 23:5 मध्ये दावीद पलिष्ट्यांच्या हातून ज्यांना वाचवतो ते ‘योशवे कईला’, म्हणजे तेथे राहणारे, वस्तीला असणारे. सहाच वचनांनंतर, दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा चाल करून येणार हे कळल्यावर दावीद देवाला विचारतो की गावातले लोक मला त्याच्या हाती देतील का, आणि तेथे शब्द बदलून ‘बअले कईला’ होतो. तलवारीपासून वाचली ती सारी वस्ती. पाहुण्याला शत्रूच्या स्वाधीन करायचे की नाही हे ठरवणारे मात्र गावचे धनी होते. हा बदल मला अपघाती वाटत नाही. गिबाची गोष्टही याला पूरक आहे: लेवी वंशातल्या एका प्रवाशाला आसरा देणारा म्हातारा एफ्राइमाचा, गिबात नुसता राहायला आलेला होता, आणि शास्ते 20:5 मध्ये तोच लेवी आपल्यावर उठलेल्यांचा उल्लेख ‘बअले गिबा’ असा करतो. मराठी मुलुखातल्या जुन्या कागदपत्रांत मिरासदार (गावात वंशपरंपरेने हक्क असलेला) आणि उपरी (बाहेरून येऊन राहिलेला) असा जो भेद आढळतो, तो येथे आठवल्याशिवाय राहत नाही, जरी दोन्ही समाजांची व्यवस्था एक नव्हती.

पुन्हा शास्ते 9 कडे आलो की 51वे वचन महत्त्वाचे ठरते. तेबेस येथील मजबूत बुरुजात कोण पळाले, तर ‘सर्व पुरुष आणि स्त्रिया आणि सर्व बअले हा-ईर’, म्हणजे नगराचे बअले. पुरुष आणि स्त्रिया सांगून झाल्यावर नगराचे रहिवासी पुन्हा वेगळे का सांगावेत? ‘रहिवासी’ हा अर्थ येथे टिकत नाही. शखेमातही अबीमलेखाला बअल-बरीथ या दैवताच्या देवळातून सत्तर रुपे काढून देणारे आणि त्याला राजा करणारे हेच लोक आहेत. देवळाच्या भांडारावर ज्यांचा हात चालतो, त्यांना नुसते ‘लोक’ म्हणणे कथेचा कणाच काढून घेते.

मात्र याबेश-गिलाद माझ्या मताच्या आड येते, आणि ते लपवणे योग्य नाही. शौलाचे प्रेत आणणाऱ्या याच गावकऱ्यांना 1 शमुवेल 31:11 मध्ये ‘योशवे’, 2 शमुवेल 2:4 मध्ये ‘अनशे’, म्हणजे माणसे, आणि 2 शमुवेल 21:12 मध्ये ‘बअले’ म्हटले आहे. म्हणजे भेद होता, पण तो प्रत्येक लेखकाने प्रत्येक वेळी पाळला नाही. म्हणूनच ‘सरदार’ हा अर्थ मला फार पुढे गेलेला वाटतो. यशया 16:8 मधल्या राष्ट्रांच्या अधिपतींसाठी कोशानेही तो वेगळा ठेवला आहे. शखेमसाठी मी स्वतः ‘शखेमचे मानकरी गावकरी’ असे लिहीन.

कोशाची मोठी उणीव त्याच्या वयाची आहे. सीरियातील रास शामरा येथील उगारिती मृत्पट्ट 1929 पासून उजेडात आले आणि मृत समुद्राच्या गुंडाळ्या 1947 पासून, त्यामुळे दोन्हींचा येथे मागमूस नाही. आपल्या शब्दासाठी त्याहून मोलाचा पुरावा अलेप्पोजवळच्या सफीरा येथील अरामी शिलालेखांत आहे: इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या त्या करारांत करार करणाऱ्या पक्षांमध्ये राजांबरोबर ‘अर्पादचे बअले’, म्हणजे अर्पाद नगराचे बअलेही येतात. रस्त्यावरचा कोणीही माणूस अशा कराराचा पक्षकार होत नाही. ज्यांना हे सारे एकाच ठिकाणी हवे आहे, त्यांनी कोलर आणि बाउमगार्टनर यांचा नंतरचा, अक्षरानुक्रमे लावलेला कोश घ्यावा. तो अनेक खंडांचा आहे आणि त्याचा खर्चही तसाच मोठा आहे.

माझ्या मेजावर मात्र 1906चाच कोश राहील. जुना असल्याने त्याचा मजकूर संगणकावर विनामूल्य वाचता येतो, पण छापील प्रत घेण्याची मी शिफारस करतो, कारण ‘बअल’सारख्या नोंदीत बोट ठेवून एकेक संदर्भ तपासायला समोर पसरलेले पानच बरे पडते. विकत घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी 127वे पान काढावे, त्या दोन शब्दांमधल्या स्वल्पविरामावर खूण करावी आणि कईलाची दोन वचने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.