सोसायटीचं पावसाचं पाणी: पाइप, नाली की शोषखड्डा? आमचा रिव्ह्यू

आधी आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. पुण्याच्या पूर्वेला २४ रो हाउसेसची सोसायटी, जागा साधारण ४० गुंठे, खाली काळी माती, मधून एकच रस्ता आणि मागच्या भिंतीपलीकडे ओढा. बिल्डरने पावसाळी लाइन म्हणून दिलेला सहा इंची पीव्हीसी पाइप, त्यामुळे जरा जोराची सर आली की खालच्या चार घरांच्या पार्किंगमध्ये पाणी ठरलेलं. शेवटी एजीएममध्ये खर्च मंजूर झाला (वरच्या घरवाल्यांनी पण हात वर केले, मानलं पाहिजे) आणि कोटेशनं मागवली तर जो येईल तो आपलंच घोडं दामटणार, पाइपवाला म्हणतो पाइप, खड्डेवाला म्हणतो खड्डे.

म्हणून आधी गणित करा, अजिबात अवघड नाहीये. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिमी धरून बांधलेली होती, ब्रिमस्टोवॅड या गटारं सुधारायच्या प्रकल्पात तो आकडा ५० केला, आम्हीही ५० धरला. ४० गुंठे म्हणजे ४००० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे तासाला २ लाख लिटर, सेकंदाला ५५ लिटर! थोडं मातीत मुरतं पण आमच्याकडे माती राहिलीये कुठे, सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर. आता तो सहा इंची पाइप २०० ला १ उतारावर (२०० मीटर लांबीला १ मीटर खाली) पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला ११-१२ लिटर नेतो. पार्किंगमध्ये पाणी का येतं ते इथेच कळलं, उगाच दर वर्षी पाइप तुंबलाय म्हणून माणूस बोलवत होतो.

शोषखड्डा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यात लाडका पर्याय. दीड बाय दीड मीटर, दोन मीटर खोल, आत दगड-गोटे भरलेले. दगडांमधली पोकळी धरली तर त्यात मावतं १८०० लिटर, म्हणजे वरच्या हिशोबाने अर्ध्या मिनिटात खड्डा फुल्ल. आणि काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी खाली घेतच नाही, उलट कंपाउंड वॉलच्या पायाशी खणला असेल तर भिंतीला तडे जायची भीती. बोअरवेल रिचार्ज वेगळी गोष्ट, ती आम्ही केलीये आणि समाधानी आहोत, पण फक्त गच्चीचं पाणी आणि तेही फिल्टर लावून. रस्त्यावरचं, गाड्यांच्या ऑइलचं पाणी बोअरमध्ये सोडू नका प्लीज. एकूण काय, बोअरला पाणी हवं तर रिचार्ज करा, तुंबणं थांबवायला खड्ड्याचा उपयोग नाही.

ह्यूम पाइप की डीडब्ल्यूसी यावर कमिटीत बरीच डोकेफोड झाली. ह्यूम पाइप म्हणजे सिमेंट काँक्रीटचा, मजबूत, वरून पाण्याचा टँकर जाणार असेल तर जास्त वजन सोसणारा एनपी-३ ग्रेडचा घ्यायचा, हलका एनपी-२ स्वस्त पडतो म्हणून गळ्यात मारतात. पण वजन एवढं की क्रेन नाहीतर जेसीबी लागतो आणि अडीच-अडीच मीटरचे तुकडे, म्हणजे जोड जास्त. डीडब्ल्यूसी म्हणजे तो बाहेरून काळा वळ्यावळ्यांचा आणि आतून गुळगुळीत प्लास्टिकचा पाइप, सहा मीटरचा, दोन-चार माणसं उचलतात. पण त्याची ताकद आजूबाजूच्या भरावावर आहे, खाली-बाजूला वाळू किंवा बारीक खडी नीट ठोकून भरली नाही आणि निघालेली काळी मातीच परत लोटली तर पाइप दबणार. मजूर तेच करतात, उभं राहून बघावं लागतं.

तरी आम्ही मेन लाइन पाइपची केलीच नाही, आणि कारण ताकद वगैरे नव्हतं, लेव्हल होती. ६० मीटर लांबी, २०० ला १ उतार म्हणजे शेवटाला एक फूट खाली. पाइपच्या डोक्यावर दोन-तीन फूट भराव हवा, खाली पाइपचा स्वतःचा एक फूट, म्हणजे ओढ्यापाशी तोंड चार-पाच फूट खोल जाणार. पावसात ओढ्याचं पाणीच त्याच्या वर असतं, मग आपलं पाणी जाणार कुठे, उलटं ओढ्याचंच आत येणार. कोटेशन देणाऱ्या एकानेही हे स्वतःहून सांगितलं नाही. गवंड्याने पारदर्शक लेव्हल पाइप भिंतीवर धरून ओढ्याची पुराची खूण दाखवली तेव्हा विषय संपला.

तर आम्ही वर भराव लागतच नाही अशी उथळ नाली केली, एक फूट रुंद, एक फूट खोल, काँक्रीटची, वर जाळी. काठोकाठ वाहिली तर सेकंदाला ९० लिटरच्या आसपास नेते. फक्त गेटखालून रस्ता ओलांडतो तेवढा तुकडा डीडब्ल्यूसीचा, काँक्रीटच्या वेढ्यात. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जाळी उचला, फावडं घाला, घमेलं भरा, काम खल्लास. पहिल्या पावसानंतर उघडली तर गुलमोहराची बारीक पानं, दुधाच्या पिशव्या, पेव्हरखालची वाळू आणि कोणाचीतरी चप्पल. हेच सगळं पाइपमध्ये असतं तर जोराच्या पाण्याने पाइप साफ करणारं जेटिंग मशीन बोलवा. तोटे पण आहेत, जाळ्या गाडी गेली की खडखड वाजतात (खाली रबर टाका), मच्छरांसाठी पाणी साठू देता येत नाही, आणि पहिल्याच महिन्यात दोन घरांनी वॉशिंग मशीनचं पाणी त्यात सोडलं, त्यावरून जे भांडण झालं ते इथे लिहीत नाही.

पावसाळा काढला, खालच्या पार्किंगमध्ये पाणी आलं नाही. माझ्याकडून ५ पैकी ४. अर्धा मार्क खडखडीचा कापला, अर्धा ओढ्याकडच्या फ्लॅपचा. पाणी उलटं येऊ नये म्हणून लावलेला तो झाकणासारखा फ्लॅप, त्यात एक फांदी अडकली की उघडाच राहतो, वॉचमनला रोज बघायला सांगितलंय.

कोटेशन घेताना दोन गोष्टी लिहून घ्या. जाळी आणि ढाप्याचा (झाकणाचा) वजन सोसायचा ग्रेड, गाड्या जातात तिथे एमडी-१०, टँकर जातो तिथे एचडी-२०. आणि दर वळणाला गाळाचा चेंबर, त्याचा तळ नालीपेक्षा फूटभर खाली, हे ठेकेदार हमखास गाळतात.