सेंद्रिय भार मोजताना बीओडी, सीओडी की टीओसी?

घोडबंदर रोडवरील गृहसंकुलाचा एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प) आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातील रसायन कारखान्याचा ईटीपी (औद्योगिक सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) यांचा सेंद्रिय भार, म्हणजे सांडपाण्यातून येणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे प्रमाण, एकाच चाचणीवरून ठरवू नये. चाचणीची निवड चुकली, तर टाकीचा आकार आणि टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची क्षमता दोन्ही चुकतात.

संकुलासाठी बीओडीच (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) आधाराला घ्यावा. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात हे ही चाचणी सांगते, आणि प्रकल्पातही तेच घडवायचे असते. भारतीय मानकानुसार ती 27 अंश सेल्सिअसला 3 दिवस चालते, परदेशी पुस्तकांत 20 अंशांना 5 दिवस. त्यामुळे अहवालातील पद्धत आधी पाहावी. केंद्र सरकारच्या 2013 च्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेत माणशी दररोज 27 ग्रॅम बीओडी धरला आहे. त्या हिशेबाने 2,000 रहिवाशांचा भार रोज 54 किलो होतो, आणि माणशी 108 लिटर सांडपाणी धरल्यास तीव्रता लिटरमागे 250 मिलिग्रॅम येते. मोजलेला आकडा यापासून फार दूर असेल, तर नमुना केव्हा घेतला ते तपासावे, कारण सकाळच्या गर्दीच्या वेळी भरलेली एकच बाटली पूर्ण दिवसाचे चित्र दाखवू शकत नाही.

कारखान्यात मात्र एकटा बीओडी फसवतो. विषारी द्रव्यांमुळे जिवाणूच मंदावतात आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना अधिक पातळ केल्यावर बीओडी वाढत गेला, तर हीच शंका घ्यावी. तेथे डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात 150 अंशांना 2 तास तापवून केलेला सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनांनी मोजलेली ऑक्सिजनची गरज) त्याच दिवशी हाती येतो. मात्र जिवाणूंना न पचणारे पदार्थही त्यात मोजले जातात, म्हणून दोहोंचे गुणोत्तर महत्त्वाचे आहे: बीओडी सीओडीच्या निम्म्याच्या आसपास असेल तर जैविक प्रक्रिया सहसा पुरते, 0.3 च्या खाली गेल्यास पूर्वप्रक्रियेचा विचार करावा लागतो. खाडीलगतच्या वाहिन्यांत खारे पाणी झिरपत असेल, तर क्लोराइडमुळे सीओडी फुगतो. प्रयोगशाळेने त्यासाठी मर्क्युरिक सल्फेट वापरले का, हे अवश्य विचारावे.

टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) काही मिनिटांत कळतो, पण तो कार्बन मोजतो, ऑक्सिजनची गरज नव्हे. मोठा प्रकल्प चालवताना त्याचा उपयोग आहे. आराखड्यासाठी मी त्यावर खर्च करणार नाही.

तो पैसा नमुन्यांवर खर्चावा. कारखान्याने किमान आठवडाभर, प्रत्येक पाळीत, प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र केलेल्या एकाच नमुन्यातून बीओडी आणि सीओडी दोन्ही करून घ्यावेत, आणि बाटल्या बर्फाच्या पेटीतून न्याव्यात. मे महिन्याच्या उन्हात जिवाणू प्रयोगशाळेच्या वाटेवरच भार खाऊ लागतात.