टीडीसीएस आणि स्पीच थेरपी: अण्णांच्या वाचाघातावर काही महिने वापरल्यानंतर

टीडीसीएस म्हणजे डोक्याला स्पंज लावून मेंदूला सौम्य करंट देणारं मशीन, आणि वाचाघात म्हणजे मेंदूच्या झटक्याने बोलणं जाणं. आधी निकाल सांगते. हातात मोजकाच पैसा असेल तर तो पहिल्यांदा स्पीच थेरपीच्या तासांवर घाला, मशीनचं नंतर बघा.

अण्णा माझे सासरे, निवृत्त एसटी कंडक्टर. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं बरंचसं कळायचं, तोंडून मात्र "ते हे, ते हे" एवढंच. शिव्या तेवढ्या अस्खलित! वाचाघातात असं होतं म्हणे, पण सासूबाईंना पचायला वेळ लागला. झटक्याला वर्ष उलटल्यावर न्यूरॉलॉजिस्टनी टीडीसीएस सुचवलं.

मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, डोक्याला पट्टा, एक-दोन मिलिअँपिअर करंट, वीस मिनिटं. लोकांना वाटतो तसा हा शॉक नव्हे. अण्णांना मुंग्या यायच्या, खाज सुटायची, स्पंजखालची कातडी जराशी लाल व्हायची. करंट चालू असतानाच चित्रं बघून नावं सांगायची असतात. नुसतं मशीन लावून बसण्यात अर्थ नाही, हे थेरपिस्ट मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं.

क्लिनिकच्या चित्रांत वॉफल आणि बर्फावरची घसरगाडी. अण्णांनी ती आयुष्यात पाहिली नव्हती, मग नाव कुठून येणार? मॅडमनी घरातले फोटो काढून आणायला सांगितले: अडकित्ता, सांडशी, तिकिटाची पेटी, पंच. तिथून गाडी हलली. स्वारगेट, कात्रज, शिरवळ, खंडाळा, सुरूर, वाई असे थांबे ते ओळीने घडाघडा म्हणत, पण "शिरवळनंतर काय?" विचारलं की गप्प. मग पहिल्यापासून म्हणत यायचं आणि हव्या त्या नावाशी थांबायचं, असा सराव मॅडमनी लावला. तो मला मशीनपेक्षा मोलाचा वाटला.

आज सरावातली बहुतेक नावं टिकून आहेत. सराव न केलेली थोडीच आली. फोनवर बोलणं अजून जमत नाही.

यात मशीनचा वाटा किती? एका माणसावरून सांगता येत नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चाचणीत (2018) 74 रुग्णांना पंधरा सत्रं दिली. 34 जणांना खरा करंट, 40 जणांना नुसता भास. अचूक नावांत सरासरी वाढ खऱ्या करंटने 13.9, भासाने 8.2. म्हणजे खोट्या करंटबरोबरच्या सरावानेही आठ नावं आलीच. शिवाय ही पद्धत पुढे तपासण्याजोगी आहे का, एवढंच ती चाचणी पाहत होती. नेदरलँड्समध्ये झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतल्या रुग्णांवर टीडीसीएस करून पाहिलं, तिथे खऱ्या आणि खोट्या करंटमध्ये फरक दिसला नाही. उलट जर्मनीत (2017) मशीनविना, आठवड्याला दहा तास किंवा जास्त, तीन आठवडे थेरपी दिली, तर झटक्याला बरेच महिने उलटलेल्या रुग्णांचंही रोजचं बोलणं सुधारलं. आमच्याकडे आठवड्याला दोन तास मिळवताना नाकी नऊ येतात, ते सोडा.

पाचपैकी मशीनला अडीच, मॅडमना पाच.

ऑनलाइन मिळणारं स्वस्त मशीन घरी आणायचा मोह आम्हालाही झाला होता. मॅडमनी साफ नकार दिला. स्पंज सुकला तर कातडी भाजते, आणि तो कुठे लावायचा हे माणसागणिक ठरतं. डोक्यात धातू असेल, कवटीचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांना ते आधीच सांगा. आमच्या क्लिनिकमध्ये फॉर्मवर हे सगळं विचारलं होतं. तुमच्याकडे विचारलं नाही तर दुसरं क्लिनिक शोधा.