सांगाडा टिकवायचा कशाने? ग्लुटाराल्डिहाइड, ईडीसी आणि जेनिपिन यांची तुलना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्पासाठी कोलॅजेन किंवा जिलेटिनचा सच्छिद्र सांगाडा, म्हणजे पेशी वाढवण्याचा आधार (स्कॅफोल्ड), निवडला आहे, त्यांना क्रॉसलिंकिंगचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना जोडण्याचा, निर्णय आधीच घ्यावा लागतो, कारण नुसते जिलेटिन ३७ अंश सेल्सिअसच्या द्रवात विरघळून जाते.

अशा जोडणीच्या रसायनांपैकी ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त आहे आणि वेगाने काम करते. हृदयाच्या जैविक झडपांसाठी ते १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. मात्र त्या झडपांवर कालांतराने कॅल्शियम साचते आणि मागे उरलेले अल्डिहाइड पेशींना मारक ठरते. माझ्या मते ते केवळ तुलनेच्या नमुन्यापुरते ठेवावे.

ईडीसी हे कार्बोडायइमाइड वर्गातले रसायन प्रथिनातील कार्बॉक्सिल आणि अमाइन गट थेट जोडते, स्वतः बंधात उरत नाही, आणि त्यातून निघणारे युरियाचे संयुग पाण्याने धुऊन जाते. एनएचएस (एन-हायड्रॉक्सीसक्सिनिमाइड) हे साहाय्यक रसायन सोबत घेतल्यास ही जोडणी अधिक कार्यक्षम होते; सामू (पीएच) साधारण ५.५ ठेवावा आणि त्यासाठी एमईएस बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) वापरावे, कारण अमाइन असलेले ट्रिस बफर स्वतःच अभिक्रियेत ओढले जाते. ईडीसी ओलावा शोषते, त्यामुळे उणे २० अंशांतून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. खरी मेख मात्रेत आहे. पेशी ज्या ग्लुटामेटयुक्त जागांना इंटिग्रिन या आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या आधारे धरतात, त्यांचेच कार्बॉक्सिल गट ईडीसी खर्च करते. म्हणून मात्रा वाढवत नेली तर सांगाडा ताठ होतो, पण पेशी त्यावर नीट चिकटत नाहीत.

जेनिपिन अनंताच्या फळांतल्या जेनिपोसाइडपासून मिळते. (अंगणातला दुहेरी पाकळ्यांचा अनंत सहसा फळ धरत नाही, तेव्हा ते विकतच घ्यावे लागते आणि महाग पडते.) ते केवळ अमाइन गटांशी जोडले जाते, ग्लुटाराल्डिहाइडपेक्षा पेशींना पुष्कळच सौम्य असते, पण हळू चालते. सांगाडा गडद निळा होतो आणि स्वतःच लाल रंगाचा फ्लुओरोसंट प्रकाश देतो, म्हणून लाल फ्लुओरोसंट रंगाने पेशी पाहायच्या असतील तर ते टाळावे.

कायटोसन (कवचधारी प्राण्यांच्या कवचातल्या कायटिनपासून बनणारा बहुशर्करा पदार्थ) सांगाड्यासाठी घेतल्यास त्यात कार्बॉक्सिल गट नसल्याने एकट्या ईडीसीचा तिथे उपयोग होत नाही. तिथे जेनिपिनच घ्यावे. कोलॅजेन-जिलेटिनसाठी मात्र मी कमी मात्रेतले ईडीसी-एनएचएस निवडीन, आणि टीएनबीएस (मोकळ्या अमाइन गटांशी रंग देणारे रसायन) चाचणीने उरलेले मोकळे अमाइन मोजूनच मात्रा कायम करीन.