सेकंडहँड गेमिंग पीसी आणि ६५० वॉटचा नवा पीएसयू: सांगलीत दिवाळी ते पावसाळा

रिव्ह्यू पीएसयूचा, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचा आहे. पण नुसतं 'मस्त चालतोय, घ्या' लिहून कुणाचा फायदा नाही. जुना का काढावा लागला ते आधी सांगतो.

मशीन मिरजेतून सेकंडहँड घेतलेलं. प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७०, १६ जीबी रॅम. व्हॅलोरंटसारखा हलका गेम तासन्‌तास चालायचा, काही तक्रार नाही. सायबरपंकसारखा जड गेम लावला की थोड्या वेळात खटकन बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. पंखे थांबायचे आणि मशीन आपलं आपण परत चालू व्हायचं. ज्याला विचारावं तो ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवायचा. विश्रामबागेतल्या एका दुकानात तर 'कार्ड गेलंय, पाहिजे तर मी घेतो' अशी ऑफरही मिळाली. गेलेलं कार्ड हा भला माणूस कशाला घेईल, म्हणून मशीन उचललं आणि घरी आलो.

क्रॅश कसा होतो यावरून निम्मं कळतं. निळा स्क्रीन येत असेल तर रॅम आणि ड्रायव्हर आधी बघा. गेम तेवढा बंद पडून डेस्कटॉप दिसत असेल तर ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग) किंवा गेमच्याच फाइल्स. स्क्रीन काळा होऊन आवाज चालू राहिला तर संशय कार्डावर. पण अख्खं मशीन मेन स्विच पाडल्यासारखं जात असेल तर पहिल्यांदा वीज बघायची. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक तोच रोग समजतात. त्याचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. त्याच्या तपशिलात बगचेककोड (निळ्या स्क्रीनचा एरर नंबर) ० असेल तर बहुतेक वेळा विंडोजला कारण लिहून ठेवायलाही वेळ मिळालेला नसतो. माझ्याकडे कायम ०.

तरी बाकीचं तपासलं. तापमान वगैरे नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू ठेवून खेळलो. बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या ओळीत कार्ड ७४ अंशांवर, प्रोसेसर त्याहून थंड. म्हणजे उष्णता नाही. एक्सएमपी (रॅमचा जादा वेग) बंद करून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, लावला, एकही चूक नाही. यूपीएस काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलं, तरी तेच.

मग फुकटातली चाचणी केली, आणि हीच सगळ्यांनी आधी करावी. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली. फ्रेम थोड्या कमी झाल्या, पण क्रॅश थांबले. परत १०० वर नेलं की सुरू. मित्राचा चांगला पीएसयू एका रविवारी लावून बघितला, तर १०० वरही निवांत. विषय संपला.

जुन्या सप्लायवर मोठ्या अक्षरात ५५० वॉट. पण बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टला फक्त ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॉट. प्रोसेसर आणि कार्ड जगतात ते याच १२ व्होल्टवर. ३०७० चे अधिकृत २२० वॉट, ५६०० ला जोर आला की ७६, वर पंखे, डिस्क, बोर्ड. सरासरीला कसंबसं भागतं. पण असं कार्ड क्षणभर, काही मिलिसेकंदांसाठी, ठरल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, आणि तिथं हा सप्लाय हात वर करायचा. सॉफ्टवेअरमध्ये हा झटका दिसत नाही, कारण आकडा साधारण सेकंदा-दोन सेकंदांनी घेतला जातो. एनव्हीडिया या कार्डाला ६५० वॉटचा सप्लाय सुचवते ती उगाच नाही.

आता नवा. ८० प्लस ब्रॉन्झ, पाच वर्षांची वॉरंटी, साडेपाच हजारांच्या आत. कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मालिकांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नावापेक्षा नेमक्या मॉडेलची चाचणी वाचा. ब्रॉन्झ-गोल्ड हा वीज किती वाया जाते त्याचा शिक्का आहे, झटका सोसायची हमी नाही. कार्डाला दोन वेगळ्या केबल दिल्यात. एकाच केबलची दोन तोंडं दोन्हीकडे खुपसायचा मोह टाळला.

बसवल्यापासून खेळताना असं बंद पडलेलं नाही. सांगलीचा एप्रिल-मे काढला, तेही एसी नसलेल्या खोलीत. दुसरा फायदा अनपेक्षित होता. संध्याकाळी सगळ्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पार बसतं. जुन्याच्या पाठीवर ११५/२३० चा लाल स्विच होता, त्याला २३० च्या आसपासच वीज लागायची. नवा १०० ते २४० पर्यंत कुठलंही चालवून घेतो. ट्यूब फडफडते, गेम चालू राहतो.

तक्रारी आहेत. केबल सुट्या होत नाहीत, त्यामुळे नको असलेल्या वायरींचा गठ्ठा कॅबिनेटच्या तळाशी कोंबावा लागला. त्या ताठही आहेत. आणि आमचं घर मार्केट यार्डाजवळ, हळदीच्या हंगामात खालची जाळी पिवळी होते, ती महिन्यातून एकदा झाडावीच लागते.

यूपीएसचं दुखणं मात्र तसंच आहे. ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटचा. सायबरपंक चालू असताना लाईट गेली तर नुसता कोकलतो आणि सगळं घेऊन झोपतो. १००० व्हीएचा बघतोय, शक्यतो प्युअर साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच लहर देणारा. सांगली-मिरजेत कुणी अशा मशीनवर वापरत असेल तर बॅटरी किती टिकली ते सांगा.